एफ वनवरचं पीठ

आमच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरचं एक बटण कायम पांढरं असायचं. सगळ्यात वरच्या ओळीत, डावीकडून दुसरं, एफ वन. बाकीची बटणं मळून करडी झाली होती, काहींवरची अक्षरं माझ्या बोटांनी झिजून गेली होती, पण एफ वनवर बाजरीच्या पिठाचा ताजा थर रोज सकाळी चढायचा. कारण ते बटण दाबायचं काम आईकडं होतं. सकाळी मी मशीन चालू करायची आणि झाडलोट करायला अंगणात जायची. आई आत चुलीपुढं भाकऱ्या थापत असायची. थोड्या वेळानं मशीन एकदा 'पीं' करायचं आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ टाकून गप्प बसायचं. ओळीचा अर्थ एवढाच होता, की एक वस्तू सापडत नाही, तरी पुढं जायचं असेल तर एफ वन दाबा. ते दाबेपर्यंत हा पठ्ठ्या जागचा हलायचा नाही. मग आई काठवटीवरून उठायची, पिठाचं एक बोट त्या बटणावर टेकवायची आणि ओरडायची, "दाबलं गंऽ!" पुन्हा जाऊन भाकरी थापायला बसायची. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण घरातलं सगळ्यात महत्त्वाचं बटण आपल्याकडं आहे, याची तिला पुरेपूर जाणीव होती.

आमची वस्ती शिरूरहून पाबळकडं जाताना लागणाऱ्या माळावर होती. बाहेरच्या खोलीत कांद्याच्या रिकाम्या बारदानांच्या थप्पीशेजारी टेबलावर हा कॉम्प्युटर असायचा. त्याला माझ्या थोरल्या बहिणीनं, मंगलताईनं, जुन्या साडीचं झालरीचं आच्छादन शिवलं होतं, त्यामुळं झाकलेला असताना तो एखाद्या मुंजीतल्या बटूसारखा नटलेला दिसायचा. त्याचं उठणं मला आजही कानांनी आठवतं. आधी पंखा घुमायचा. मग पडद्यावर आकडे भराभर चढायचे. ते आप्पांना फार आवडायचे. आप्पा म्हणजे आमचे वडील. मिशीला चहा लावून ते म्हणायचे, "मोजतंय बघ कसं. दम न्हाई खात." मग फ्लॉपीचं खोकं एकदा गुरगुरायचं, हार्ड डिस्क दोनदा खट्ट करायची, आणि त्यानंतर सगळं शांत. पडद्यावर एक बारकी रेघ लुकलुकत राहायची. गोठ्यातली म्हैस, लांबवर एसटीचा हॉर्न, आईच्या हाताखाली भाकरीची थापथाप, एवढंच ऐकू यायचं. आईचा हिशेब ठरलेला होता. तीन भाकऱ्यांनी 'पीं' व्हायची, आणि आणखी चार भाकऱ्यांनी विंडोजच्या निळ्या आभाळातले ढग दिसायचे. सात भाकऱ्या म्हणजे सात मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

आज माझ्या लेकीचा लॅपटॉप झाकण उघडलं की जागा होतो. परवा त्याला दहा सेकंद जास्त लागले, तर तिनं कपाळावर हात मारून घेतला. मी तिला म्हटलं, "बाई, एवढ्या वेळात आमच्याकडं अर्धी भाकरीसुद्धा भाजली नसती." ती हसली, पण मी एवढी का गहिवरले हे तिला कळलं नाही. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते आहे.

त्या मशीनवर मी लग्नपत्रिका करायची. शिरूरला कॉम्प्युटरचा क्लास केला होता, मराठी टायपिंग हातात बसलं होतं, आणि आसपासच्या पाच-सहा गावांत पत्रिकेचा मजकूर जुळवून देणारी मीच एकटी. मजकूर झाला की तो फ्लॉपीवर घ्यायचा, फ्लॉपी स्टीलच्या डब्यात घालायची आणि एसटीनं शिरूरच्या छापखान्यात पोचवायची. आमच्याकडची पत्रिका म्हणजे काय चीज असते, हे शहरातल्या माणसाला सांगून पटायचं नाही. नवरा-नवरीची नावं मध्ये कुठंतरी दोन ओळींत असतात. बाकी सगळी भाऊकी. वर आशीर्वाद देणारे, खाली आपले नम्र, बाजूला व्यवस्थापक, त्याच्या खाली स्वागतोत्सुक, आणि तळाला 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी अजून बोलता न येणारी पोरं. एक नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला येतो, पण जेवत नाही. नुसता मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहतो, सगळ्यांना दिसेल असा. मग त्याची समजूत घालायला चार जण जातात, आणि नवरा-नवरी अक्षतांची वाट पाहत उभे. एकदा एका आजोबांचं नाव माझ्या हातून चुकून राहिलं, तर ते दोन कोस चालत आमच्या वस्तीवर आले आणि म्हणाले, "मी मेलो का काय, ते बगायला आलोय." त्या दिवसापासून मी यादी तीनदा वाचायला लागले.

हे मशीन आणलं होतं सुदामकाकांनी. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. पाबळला राहून ते तांत्रिक शिक्षण शिकले होते आणि रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होते. त्यांच्या हाताला कसली तरी वस्तू उघडायची सतत हुक्की असायची. घरातला रेडिओ, पंपाचा स्टार्टर, काकूंचं शिलाई मशीन, सगळं त्यांनी एकदा तरी उघडून पुन्हा बसवलं होतं, आणि प्रत्येक वेळी एखादा स्क्रू हातात उरायचा. तो ते खिशात टाकून म्हणायचे, "कंपनीनं उगंच जास्तीचा दिला हुता." पुण्याहून जुने सुटे भाग आणून त्यांनी माझ्यासाठी कॉम्प्युटर जुळवला. आत दोन हार्ड डिस्क बसवल्या, एक पत्रिकांसाठी आणि एक स्वतःची. स्वतःच्या डिस्कवर त्यांची रेखाचित्रं होती, पंपांची, ठिबकची, कांदा निवडायच्या एका यंत्राची, जे त्यांच्या मते एक दिवस सगळ्या तालुक्यात लागणार होतं. तेव्हा मशीन दीड भाकरीत सुरू व्हायचं. एफ वन म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

मग झाला तो कांद्याचा किस्सा. वीज कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून काकांनी विहिरीच्या मोटरीला ऑटो बसवला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. घरात सगळ्यांना कौतुक. एके दिवशी आम्ही सगळे एका साखरपुड्याला गेलो होतो, कांदा काढून शेतात वाळत घातलेला होता, आणि भरदुपारी वीज आली. मोटर इमानेइतबारे सुरू झाली. आम्ही परत आलो तेव्हा कांदे सरीतून होड्यांसारखे तरंगत होते. आप्पा म्हणाले, ऑटो कुणी बसवला. काका म्हणाले, व्हॉल्व बंद करायला मी सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, सांगितलं नव्हतं. काका म्हणाले, सांगितलं होतं, म्हशीला पाणी पाजताना. तेवढ्यावर मिटलं असतं, पण शेजारपाजारचे जमले होते, आणि चार लोकांसमोर आप्पा बोलून गेले, "तुझ्या शिक्षणानं घराचं पाणी झालं." काका तडक आत गेले, कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झडप उघडली, आपली डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली. संध्याकाळच्या आत टेम्पो आला आणि काका-काकू रांजणगावला भाड्याच्या खोलीत राहायला गेले. त्या वेळी मला डिस्क नेल्याचा राग आला होता. भांडणात माणूस भांडीकुंडी नेतो, हे काय घेऊन निघाले, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मशीन सात भाकऱ्यांचं झालं. का झालं, ते कुणालाच कळेना. मी क्लासच्या सरांना विचारलं, ते म्हणाले, व्हायरस असेल. आईनं हळदकुंकू लावून मशीनपुढं नारळ फोडला, तोही कीबोर्डपासून एका वितीवर, माझा जीव खाली-वर. ताईचं मत, ते थंडीनं आखडतं, म्हणून तिनं आच्छादनाला आतून गोधडीचं अस्तर लावलं. त्यानं ते फक्त जास्त तापायला लागलं. आप्पा रोज सकाळी त्याच्यापुढं उभे राहून म्हणायचे, "आळशी हाय. मालक गेला की बैलसुदा असंच करतो." मला ते वाक्य तेव्हा टोमण्यासारखं वाटायचं. आता वाटतं, घरातलं सगळ्यात बरोबर निदान तेच होतं.

सात मिनिटांनी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. पण तेव्हा लोडशेडिंग होतं. वीज सकाळी दोन तास यायची, तीही मधूनच डोळे मिचकावत. एकदा डोळा मिचकावला की मशीन बंद, पुन्हा पहिल्यापासून घुमणं, मोजणं, गुरगुरणं आणि ती लांबच लांब शांतता. एखाद्या सकाळी चारदा वीज गेली तर अर्धा तास नुसता वाट बघण्यात. बाहेर ओट्यावर नवऱ्याचे बाप, नवरीचे मामा रांगेनं बसलेले. आई त्यांना चहा द्यायची आणि आतून 'पीं' ऐकू आली की अर्धा चहा ओतून धावायची. एक पाहुणा आईला म्हणाला, "वैनी, तुमी काय कॉम्प्युटर शिकल्या का?" आई म्हणाली, "न्हाई. पर माज्याबिगर तो चालत न्हाई."

अशात ताईचं लग्न ठरलं. मुलगा दौंडचा. त्याचे वडील रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले तरी गार्डच राहिले होते. आम्ही त्यांना गार्डसाहेब म्हणायचो. पाहायच्या कार्यक्रमाला त्यांनी दहा वाजताची वेळ दिली आणि दहाला आले. आमच्याकडं तेव्हा अजून सारवणही वाळलं नव्हतं. निघताना ते आप्पांना म्हणाले, "बाकी काही नको आम्हाला. फक्त अक्षता मुहूर्तावर पडल्या पाहिजेत. माझ्या हातून एकही गाडी कधी उशिरा सुटलेली नाही." आप्पांनी मोठ्या तोंडानं शब्द दिला. आईनं पदरात तोंड लपवलं.

पत्रिकेचा मजकूर सांगायला आप्पा माझ्याशेजारी पोत्यावर बसले. एकेक नाव सांगत गेले, मी टाइप करत गेले. 'आपले नम्र' आलं. पहिलं नाव आप्पांचं. त्याच्याखाली रिवाजाप्रमाणं भावाचं नाव यायला हवं. आप्पा थांबले. पडद्यावर आपल्या नावाखाली त्यांनी बोट टेकवलं. मला वाटलं, आता म्हणतील पुढं चल. ते म्हणाले, "तिथं जागा ठिव."

"किती?"

"एका माणसाची."

मी एक ओळ मोकळी सोडली. मजकूर शुक्रवारपर्यंत छापखान्यात पोचायला हवा होता आणि त्यात एका माणसाएवढं भोक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर धुणं धुताना ताई मला म्हणाली, "नंदे, अंतरपाटाच्या पलीकडं नवरा दिसला न्हाई तरी चालंल मला. अलीकडं काका दिसला पायजे." ताई हसत बोलली, पण हातातलं लुगडं तिनं तीनदा पिळलं. ताईला सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडणारे काकाच होते. हायस्कूलात पुढं शिकू द्या म्हणून आप्पांशी भांडणारेही तेच. त्या क्षणी मी ठरवलं की रांजणगावला जायचं. घरात सांगितलं, छापखान्यात चाललेय.

काकांची खोली कंपनीच्या कामगारांच्या चाळीत होती. शेजारी हिंदी बोलणारी चार पोरं राहायची, दारात सायकली, दोरीवर निळे युनिफॉर्म. मला बघून काकू रडायला लागल्या आणि रडता रडताच त्यांनी कुळथाच्या शेंगोळ्यांसाठी पीठ भिजवायला घेतलं. काका पहिल्या पाळीहून आले होते. त्यांनी आप्पांचं विचारलं नाही, आईचं विचारलं नाही. चपला काढता काढता म्हणाले, "मशीन बरं हाय का?"

मी सगळं सांगितलं. आकडे, गुरगुर, शांतता, 'पीं', आईचं पिठाचं बोट. काकांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी झालं. ते उठले, फळीवरून टॉवेलात गुंडाळलेली डिस्क काढून माझ्यापुढं ठेवली.

"हिला हुडकतंय ते," काका म्हणाले.

मला काही समजेना. मग त्यांनी पिठाच्या परातीतच बोटानं चित्र काढून दाखवलं, काकू ओरडल्या तरी. मशीन सुरू होताना आधी स्वतःच्या अंगावर काय काय आहे ते चाचपून बघतं. मेमरी किती, कीबोर्ड आहे का, फ्लॉपी आहे का. प्रत्येकाला विचारतं आणि उत्तराची वाट बघतं. जो हजर आहे तो लगेच ओ देतो. जो यादीत आहे पण जागेवर नाही, त्याच्यासाठी ते थांबतं. पुन्हा विचारतं. पुन्हा थांबतं.

"पर तुमी तर डिस्क काढून न्हेली. मग त्याला कळत कसं न्हाई?"

"कसं कळंल? यादीत तिचं नाव हाय. मीच हातानं लिवून ठिवलंय, चाचपायचा येळ वाचावा म्हणून." ते स्वतःशीच हसले. "आन् दुसरं म्हंजी, एकाच वायरीच्या पट्टीवर दोन डिस्क असल्या की एक थोरली असती, एक धाकटी. थोरलीच्या पाठीमागं एवढीशी काळी टोपी असती, दोन काड्यांवर घातल्याली. ती टोपी थोरलीला सांगती, की तुज्यामागं धाकटी हाय. मग थोरली धाकटीनं ओ दिल्याबिगर पुढं सरकत न्हाई. आधी मशीन हुडकतं, मग ते ढगवालं परत हुडकतं. त्यात गेली तुझी सात मिनटं."

थोरली-धाकटीची ही जोडी मी रचलेली नाही, हे इथंच सांगून टाकते. डिस्क बनवणाऱ्यांनीच ती तशी ठेवली होती, आणि त्यांना आमच्या घरातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. काकूंनी परात ओढून घेतली आणि ते चित्र पिठात मळून टाकलं. मग काकांनी कागदावर उपाय लिहून दिला. सुरू होताना डिलीटचं बटण दाबून यादी उघडायची, धाकटीचं नाव पुसायचं. झडप उघडून चिमट्यानं थोरलीची टोपी काढायची आणि शेजारच्या काड्यांवर घालायची. मशीन पुन्हा दीड भाकरीत सुरू.

निघताना मी डब्यातली फ्लॉपी दाखवून म्हटलं, "काका, पत्रिकेत तुमचं नाव…"

"काढलं?"

"न्हाई. जागा ठिवलीय."

ते उंबऱ्यात उभे राहून बोटाचं पीठ पुसत राहिले. म्हणाले, "छापल्यालं नाव म्हंजी बोलावणं न्हाई, नंदा. दादानं हाक मारली पायजे. चार लोकात बोलले, तर चार लोकात हाक मारावी."

त्यांची मागणी साधी होती, आणि आप्पांना ओळखणाऱ्या माणसाला ती डोंगराएवढी वाटावी अशी होती. थोरल्यानं धाकट्याच्या दारात बोलावणं घेऊन जायचं, हे आमच्या भाऊकीत कुणी ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर मी छापखान्याचं खोटं एका दमात कबूल केलं. आप्पा रागवायच्या आत चिमटा हातात घेतला आणि लगेच मशीनची झडप उघडली. आई, ताई, आप्पा तिघं भोवती वाकून उभे. मी थोरलीची टोपी दाखवली. एखाद्या तिळाएवढी असेल. काकांनी जसं सांगितलं तसंच सांगितलं, थोरली, धाकटी, हाक, ओ, सात मिनिटं.

आप्पांनी चष्मा वर सरकवला. "म्हंजी रोज सकाळी ते सुदाच्या डिस्कला हाका मारतंय?"

"व्हय."

"आन् ही टोपी काढली की?"

"मग न्हाई मारणार."

"आन् उद्या ती डिस्क परत आली तर?"

"मग टोपी परत घालावी लागंल. न्हाईतर आली तरी थोरली तिला वळखायची न्हाई."

आप्पा चुलीपाशी गेले, तांब्याभर पाणी प्यायले, परत आले. "झाक ते," म्हणाले. "ऱ्हाऊ दे टोपी."

मी चिडले. मला खरंच रडू आलं. हाच माणूस रोज मशीनला आळशी म्हणत होता, आणि आता औषध हातात असताना देऊ देत नव्हता. "आप्पा, लग्नसराई हाय! सात मिनटं रोज!"

"सात मिनटानं काय हुतंय?" आप्पा म्हणाले. "तुझी आई बटन दाबती की." दुसऱ्या सकाळी वीज आली, आईनं बटण दाबलं, तसं त्यांनी पोतं ओढलं, माझ्याशेजारी बसले आणि मोकळ्या ओळीकडं बोट दाखवून म्हणाले, "लिव. सुदाम." पुढचं नाव आणि आडनाव त्यांनी असं खणखणीत सांगितलं की ओट्यावरच्या माणसांना ऐकू जावं.

पण बोलवायला ते गेले नाहीत. छापलेली पत्रिका त्यांनी माझ्याच हाती रांजणगावला पाठवली, वर हळदकुंकवाची बोटं लावून. काकांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि टीव्हीवर उभी करून ठेवली. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. ताई रोज विचारायची, काय वाटतं तुला. मी म्हणायची, हुडकतंय.

लग्न दारातच होतं. मुहूर्त बारा एकोणतीसचा. गार्डसाहेब दौंडहून दोन बस भरून साडेदहाला हजर. अकराला वीज गेली, ती जाणारच होती म्हणून जनरेटर आणलेला. त्यानं अर्धा तास धूर काढला, खोकला आणि बंद पडला. माईकवाल्या गुरुजींचा आवाज मध्येच तुटला, भाऊकीतले चार जण मांडवामागं धावले, आणि मग जनरेटर एकाएकी शिस्तीत सुरू झाला. कुणी दुरुस्त केला, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. सव्वाबारापासून गुरुजींनी मान्यवरांची नावं वाचायला घेतली. प्रत्येकाला शाल, फेटा, नारळ. बारा पंचवीसला ताई पाटावर उभी राहिली आणि अंतरपाट धरला गेला. ताई समोर बघत नव्हती, मान वळवून मांडवभर नजर फिरवत होती. गार्डसाहेब हातातल्या घड्याळाकडं बघत होते. गुरुजींनी यादी मिटली.

आप्पांनी हात वर केला. "एक नाव ऱ्हायलंय."

गुरुजींनी ते माईकवरून तीनदा वाचलं. जिथं असतील तिथून त्यांनी स्टेजकडं यावं, ही नम्र विनंती. कुणी आलं नाही. मांडवात कुजबुज सुरू झाली. कांद्याचा किस्सा आमच्या भागात सगळ्यांना पाठ होता.

"आप्पा," गार्डसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "एकोणतीस झाले."

आप्पा म्हणाले, "साहेब, सात मिनटं द्या."

मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं बघितलं, आणि आम्हा दोघींना त्या गंभीर प्रसंगी हसू फुटलं. आप्पा स्टेजवरून उतरले. फेटा सावरत, माणसांतून वाट काढत मांडवाच्या कडेला गेले. सगळा मांडव माना वळवून बघत होता. रस्त्याकडं तोंड करून त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि शेताच्या या टोकाहून त्या टोकाला मारतात तशी हाक मारली, "सुदाऽऽ! आरं ये सुदाऽऽ!"

रस्ता रिकामा होता. आप्पा तसेच उभे राहिले. मी त्यांची पाठच बघत होते, आणि एवढ्या ताठ माणसाची पाठ अशी वाट बघताना मी कधी पाहिली नव्हती. मला हसू यायचं थांबलं. मी देवाला म्हटलं, काय वाट्टेल ते कर, पण ओ दे.

ओ आली, पण मागून. "आलो, दादा!" जनरेटरच्या आडून काका बाहेर आले, कोपरापर्यंत तेलानं काळे, डोक्याला धुराची काजळी. सकाळपासून तिथं होते. काकू स्वयंपाकात पुऱ्या लाटत होत्या आणि आईला ते माहीत होतं. पुढं आम्ही आईला फार बोललो, तर ती म्हणाली, "मी कशी सांगू? हाक त्यांनीच मारायची ठरल्याली."

दोघं भाऊ समोरासमोर आले. आप्पांनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "व्हॉल्व बंद करायला सांगितलं हुतंस तू," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "म्हशीला पाणी पाजताना. मला आठवलं मागं."

काकांच्या हातांना तेल होतं म्हणून ते लांबूनच पाया पडायला वाकले, तर आप्पांनी नव्या पांढऱ्या सदऱ्यासकट त्यांना मिठी मारली. तो सदरा पुढं कधीच स्वच्छ निघाला नाही. ताई अंतरपाटामागं हुंदके देत हसत होती. गार्डसाहेबांनी घड्याळ पाहिलं, खिशातून शिट्टी काढली, ती त्यांच्या खिशात सवयीनं असायची, आणि विचारलं, "आता सोडायची का गाडी?" शिट्टीवर मंगलाष्टकं सुरू झालेलं लग्न मी दुसरं पाहिलेलं नाही. अक्षता बारा छत्तीसला पडल्या.

दुसऱ्या दिवशी ताई दौंडला गेलेली, मांडव अर्धा सुटलेला, अंगणात पत्रावळी. काका-काकू मुक्कामाला थांबले होते. सकाळी काकांनी जेवणाच्या डब्यातून टॉवेलातली डिस्क काढली आणि मशीनची झडप उघडली. आत वाकून बघितलं आणि थबकले.

"नंदा, टोपी जागेवरच हाय."

काकांनी वळून आप्पांकडं बघितलं. आप्पा अगदी मन लावून छताचे वासे मोजत होते. काकांनी पट्टी जोडली, बटण दाबलं. पंखा घुमला, आकडे चढले, फ्लॉपी गुरगुरली, डिस्क खट्ट वाजली, आणि लगेच तिच्यामागं दुसरी खट्ट वाजली. थांबणं नाही, 'पीं' नाही. आभाळ आलं, ढग आले. एवढ्यात सवयीनं आई आतून धावत आली, पिठाचं बोट पुढं करून, आणि टेबलापाशी येऊन तशीच उभी राहिली.

"झालं सुरू?" ती म्हणाली. बोट अजून हवेतच होतं. "मग मी काय करू आता?"

आप्पांनी वाशांवरची नजर खाली आणली.

"सुदाला भाकरी वाढ," ते म्हणाले.